माळ्यावर पडलेला जुना व्हिडिओ गेम आम्हाला द्या

नमस्कार,

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले सात-आठ जण वर्षभर परभणीतल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात दुपारी सोबतीला जातो. लकवा मारलेले, खुबा मोडून ऑपरेशन झालेले म्हातारे रुग्ण तिथे असतात. बहुतेक खेड्यांतून आलेले. हात दहा वेळा वर करा म्हटलं की चौथ्यालाच “बस झालं लेकरा” म्हणून मान फिरवतात. हा आळस नव्हे. हात कशासाठी उचलायचा, तेच त्यांना दिसत नाही.

संघातल्या एका काकांनी मुलाचा जुना ‘निन्टेन्डो वी’ हा व्हिडिओ गेम पुण्याहून आणला. त्याचा रिमोट हातात धरून हात हलवला की टीव्हीवरचा खेळ चालतो. जिंतूरकडच्या एका मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. फिजिओथेरपीच्या ताईंनी रिमोट त्यांच्या डाव्या हाताला पट्ट्यानं बांधला आणि बॉलिंग, म्हणजे चेंडू सोडून बाटल्या पाडायचा खेळ, लावला. पहिला चेंडू कडेला गेला, दुसऱ्याला तीन बाटल्या पडल्या. “थांबा, राहिलेल्या पाडायलोय मी,” मामा म्हणाले. त्या दुपारी तो हात चाळीसच्या वर वेळा हलला. मोजत होत्या ताई, मामांना आकड्याची शुद्धच नव्हती.

गेमनं लकवा बरा होतो, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. लकव्याच्या रुग्णांवरच्या ७२ चाचण्यांचा आढावा २०१७ साली निघाला. हाताच्या बाबतीत नेहमीच्या व्यायामाऐवजी असे खेळ दिले तर वेगळा फायदा दिसला नाही, पण नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून दिले, व्यायामाचा वेळ वाढला, तेव्हा उपयोग दिसला. आम्हाला तो वाढीव वेळच हवा आहे. व्यायाम ताईच ठरवतात, आणि रुग्ण उभा असेल तेव्हा कमरेचा पट्टा धरून मागे माणूस असतोच.

आता अडचण. वी २००६ साली आला, त्याची तोल सांभाळायची फळी २००७ साली. चार कोपऱ्यांतले सेन्सर वजन कुठल्या पायावर आहे ते पडद्यावर दाखवतात. खुब्याच्या रुग्णाला मोडक्या बाजूवर भार द्यायची भीती असते, तिथे ही फळी फार कामाची. पण हे संच कंपनीनं केव्हाच बंद केले. दुकानात नवे मिळत नाहीत, घरोघरी माळ्यावर मात्र पडून आहेत. पुण्या-मुंबईकडे, परदेशात गेलेल्या आपल्या लेकरांना एक फोन करा.

आम्हाला दोन संच, एक फळी, एक टीव्ही आणि इन्व्हर्टर हवा आहे. पिवळी-लाल-पांढरी पिन बसणारा जुना टीव्हीही चालेल. संच अमेरिकेतला असेल तर तसं आवर्जून सांगा, तिकडचा अडॅप्टर आपल्या विजेवर जळतो. पैसे दिलेत तर संघाच्या नावाची पावती घ्याच. कॉलेजच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक दुपार दिली तर त्याहून मोठी मदत नाही. मागे पट्टा धरायला तरणे हात लागतात, आमचे आता पुरत नाहीत.

संघाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ५ ते ७ आम्ही असतो. काहीच जमलं नाही तर रिमोटला लागणारे पेन्सिल सेल आणून द्या, ते फार लवकर संपतात.

आपले,
संघाचे सर्व सदस्य