नाडी पूर्ण एक मिनिट मोजा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

नाडी बघताना 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. मधूनच ठोका चुकत असेल तर तो तेवढ्यात सापडेलच असं नाही. पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने बघू नका, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण 60 सेकंद मोजा. वहीत आकडा, वेळ आणि तेव्हा काय होत होतं, हे तिन्ही लिहा.

बसल्या जागी 60 ते 100 ठोके सर्वसाधारण. झोपेत 50च्या आसपास आले तरी बहुधा बिघडत नाही. मात्र 48 ठोके आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना नवा दम किंवा विलक्षण थकवा असेल तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडू नका. वयाबरोबर हृदयातली ठोका सुरू करणारी गाठ आणि पुढे संदेश नेणारे तंतू झिजतात, हे खरं. पण त्यावर पेसमेकरचा उपाय आहे.

त्याआधी औषधं तपासून घ्या. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, डिल्टिआझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही रक्तदाबाची आणि हृदयाची औषधं ठोके मंदावतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा! थेंबांना कोणी औषध म्हणून मोजत नाही, म्हणून डॉक्टरांच्या यादीत ते हमखास राहून जातात. आई, डॉक्टरांकडे जाताना त्या बाटल्यासुद्धा पिशवीत घालून ने. पण गोळी मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवली तर रक्तदाब आणि ठोके उसळतात, छातीतही दुखू शकतं. थायरॉइड आणि पोटॅशियमचीही तपासणी करून घ्या.

ऑक्सिमीटर दाखवतो त्या नाडीच्या आकड्यावर फार भिस्त नको. वेळेआधी पडलेला ठोका दुबळा असतो, कधी बोटापर्यंत पोहोचतच नाही. मग यंत्र 40 दाखवतं आणि ईसीजीवर 80 निघतात, असंही होतं. बाबा, ठोक्यांना काही तालच नसेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. ईसीजी काही सेकंदांचाच असतो. तो नीट आला आणि त्रास चालूच राहिला, तर 24 तासांचा होल्टर मागा, म्हणजे दिवसभर अंगावर ठेवून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र.

छातीत दाब, आवळल्यासारखं, जबड्यात, हातात किंवा पाठीत कळ, थंड घाम: बसूनही पाच मिनिटांत थांबलं नाही तर अॅसिडिटीची गोळी घेत बसू नका. उतारवयात, विशेषतः मधुमेहात, छातीत न दुखता कधी कधी नुसता दम, मळमळ किंवा गळून जाणं एवढंच होतं. दुसऱ्याने सुचवली म्हणून जिभेखालची सॉर्बिट्रेट घेऊ नका. तिने रक्तदाब उतरतो; तो आधीच कमी असेल तर माणूस कोसळू शकतो. चक्कर आली तर लगेच आडवे व्हा. बाथरूमला कडी लावू नका.

छातीचा असा त्रास झाला तर स्वतः गाडी चालवत निघू नका, रिक्षाही शोधू नका. आधी अॅम्ब्युलन्स, मग मला फोन. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

तुमची लेक