तहकूब ग्रामसभेची पळवाट

महोदय,

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. गावाचा घात तिथेच होतो. मोजक्या माणसांत लाभार्थ्यांची यादी मंजूर होऊन जाते. म्हणून पहिल्याच सभेला गर्दी करा. नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा आपला विषय त्यापूर्वीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी देऊन पोच घ्या. ऐनवेळचे विषय बहुधा बारगळतात. हजेरीवहीत सही करून लगेच घरी जाऊ नका. ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह तिथेच लिहायला आणि वाचून दाखवायला लावा. आधी झालेल्या महिला सभेचे ठरावसुद्धा.

— काही ग्रामस्थ