मास्टरजींबद्दल

लश्कर, ग्वाल्हेर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या गल्लीतल्या शिंप्याला, मास्टरजींना, पोलिसांनी पकडल्याचं कळल्यावर परवा फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी फार बोललो नाही. "बाबा, पोलिसांची काहीतरी चूक झाली असेल," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होतीस. चूक नाही, बाळा. तुरुंगातले बोटांचे ठसे जुळले आणि ठाण्यात त्यांनी स्वतःच कबूल केलं. त्यांनी म्हणू की त्याने? लिहायला बसल्यापासून इथेच पेन अडतंय. सत्तावीस वर्षं ज्यांना अहोजाहो केलं, त्यांना एका रात्रीत अरेतुरे करता येत नाही. तूर्त राहू दे तसंच.

तू विचारलंस म्हणून सांगतो. भिंडकडच्या एका गावात १९९३ साली शेताच्या बांधावरून भांडण झालं. मास्टरजींनी एका माणसाला आणि त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला मोहरीच्या शेतात गाठून गोळ्या घातल्या. मुलाच्या पाठीत लागली, म्हणजे तो पळत होता. जन्मठेप झाली. १९९७ मध्ये वडिलांच्या तेराव्यासाठी पंधरा दिवसांच्या पॅरोलवर बाहेर आले, ते परत गेलेच नाहीत. दुसऱ्या वर्षी वेगळ्या नावाने आपल्या गल्लीत शिलाई मशीन मांडून बसले. शिवणकाम तुरुंगातच शिकले होते म्हणे.

आपल्याला कळलं कसं नाही, हे तुझं विचारणं मला रात्री झोपू देत नाही. आपण चंबळच्या काठची माणसं. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर बागींनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, बंदुका खाली ठेवल्या, त्याच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. मोहरसिंग, माधोसिंग ही नावं आम्हा पोरांना पाढ्यांसारखी पाठ होती. खुनी म्हणजे झुपकेदार मिशा आणि छातीवर काडतुसांचा पट्टा, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की गळ्यात टेप घालून चष्म्यावरून बघणाऱ्या शिंप्याकडे त्या नजरेने कोण बघणार? आणि त्या बागींची नावं तरी जगजाहीर होती. आपल्या मास्टरजींनी नावच पुसून टाकलं होतं.

आता मागचं आठवू लागलं की एकेक गोष्ट टोचते. ते वर्दीचं काम घेत नसत. पलीकडचा होमगार्ड दोनदा खाकी कापड घेऊन आला, दोन्ही वेळा परत पाठवला. मी विचारलं तर म्हणाले, "खाकी में सुई टूटती है, भाईसाहब." आणि मी ते मानलं! गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने एकदाही विचार केला नाही की जीनच्या पँटला चालणारी सुई खाकीला कशी मोडेल.

तुझ्या आईचं दुःख वेगळं आहे. "माझी कोणी बहीण नाही," असं त्यांनी पहिल्याच श्रावणात सांगितलं होतं, तेव्हापासून दरवर्षी ती राखी बांधायची. पोलीस सांगतात, दोन सख्ख्या बहिणी आहेत, अंबाह तालुक्यात. आई त्यावर काही बोलली नाही. फक्त देवघरातली राखीची तबकडी घासायला घेतली आणि बराच वेळ घासत बसली.

गल्लीत आता लोक म्हणतात, इतकी वर्षं नीट वागला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कशाला म्हाताऱ्याला पुन्हा आत टाकता. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, ती केव्हाच सरली, असाही हिशोब मांडतात. हे खरं नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, असं सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसेच्या खटल्यात १९६१ सालीच सांगून ठेवलंय. सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं, पण ती आतून मागायची असते. त्या मुलाची आई अजून आहे. पेपरात आलंय, दर दिवाळीनंतर ती ठाण्यात जाऊन विचारायची, सापडला का? तिच्या गावाहून आपली गल्ली बसने दोन-तीन तासांवर. ती तिकडे विचारत होती, तेव्हा इकडे मी मास्टरजींना फराळाचं ताट देत होतो.

तू म्हणालीस, "पण आपल्याशी किती चांगले होते ते." होते. ते मी नाकारत नाही आणि तूही विसरू नकोस. तिसरीतला तुझा निळा स्कर्ट शिवताना त्यांनी खालच्या पट्टीत चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. "बिटिया बढ़ेगी," म्हणाले. दरवर्षी पट्टी उसवून एकेक बोट खाली सोडायचे, पैसे न घेता. काल आईने तो ट्रंकेतून काढला. जुन्या दुमडीच्या तीन फिकट रेघा अजून दिसतात. मी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि मला तो मोहरीतला मुलगा आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नाही. त्याचे कपडे कोणी वाढवले नाहीत. माझ्या मनात या दोन गोष्टी आता वेगळ्या होत नाहीत, मुक्ता. म्हणून कुणी "चांगला माणूस होता" म्हणालं की मला मान डोलावता येत नाही.

एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती. १९९९ मध्ये त्यांना बँकेत खातं उघडायचं होतं. तेव्हा जुन्या खातेदाराची ओळख लागायची. ती मी दिली. फॉर्मवर छापलेलं होतं, मी या व्यक्तीस चांगले ओळखतो, आणि खाली माझी सही. तो कागद पोलिसांनी बँकेतून काढलाय. सोमवारी मला जबाब द्यायला बोलावलंय. तुझा दादा म्हणतो, आठवत नाही म्हणून सांगा. पण मला चांगलं आठवतं. काउंटरवर उभं राहून, त्यांच्याच पेनाने केली होती. तेच सांगणार आहे.

त्या स्कर्टचं काय करायचं ते तू कळव. आईने तो अजून ट्रंकेत परत ठेवलेला नाही.

तुझा,
बाबा