रणजींचे जुने कार्ड घेण्याआधी भिंग लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी, ब्रॅडमन यांची सिगारेटच्या पाकिटातून निघालेली जुनी कार्डे आता आपल्याकडेही फ्रेममध्ये आणि ऑनलाइन विकली जातात. घेणारा पाहतो काय? कागद पिवळा पडलाय का आणि कोपरे झिजलेत का. नेमक्या याच दोन गोष्टी नकली बनवायला सर्वांत सोप्या आहेत. चहाचे पाणी आणि थोडा पॉलिश पेपर यांवर एका संध्याकाळीत कार्ड शंभर वर्षांचे होते. छपाईची जात मात्र घरी बसून बदलता येत नाही, म्हणून परीक्षा तिची करावी.

विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला, त्यात रणजी आहेत. जॉन प्लेयरचे ५०-५० कार्डांचे संच १९३०, १९३४ आणि १९३८ चे. युद्धातल्या कागदटंचाईमुळे १९४० मध्ये ब्रिटनमध्ये ही कार्डे बंद झाली. पुढे यांतल्या अनेक संचांची रीतसर पुनर्मुद्रणे निघाली. तशी ती स्वस्त असतात, भिंतीवर छान दिसतात, आणि पुनर्मुद्रण असल्याची बारीक ओळ बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते. गैरप्रकार सुरू होतो तो ही ओळ खरवडून किंवा फ्रेममागे लपवून मूळ कार्डाचा भाव सांगितला जातो तेव्हा. मागच्या बाजूला तळाशी कागद उगाच खडबडीत लागला, तर तिथून पुढे बोलणीच करू नयेत.

सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. आधी खेळाडूचे नाव पाहावे. मूळ कार्डावर अक्षरे एकाच शाईने भरीव छापलेली असतात, कड स्वच्छ असते. मूळ कार्ड स्कॅन करून छापलेल्या नकलेत तेच अक्षर निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचे बनलेले दिसते. चौकटीची रेघही अशीच तपासावी. मग चेहरा. १८९६ च्या काळातल्या दगडी छपाईत कारागिराने हाताने मांडलेले लहानमोठे, बेशिस्त ठिपके असतात आणि त्वचेची गुलाबी, टोपीची निळी अशी प्रत्येक शाई वेगळी असते. आधुनिक ऑफसेटमध्ये तेच चार रंग ठरावीक कोनांत बसून एकसारखी फुलांसारखी नक्षी तयार होते. घरच्या इंकजेटने काढलेली नक्कल इथे फसवते, कारण तिचे ठिपकेही विस्कळीत असतात. पण रंग पुन्हा तेच मोजके, आणि अक्षराच्या कडेला शाई कागदाच्या तंतूंतून फुटलेली.

ठिपके दिसले की नकली, असा सरसकट नियम मात्र करू नये. १९३० च्या दशकातल्या कार्डांच्या चित्रात यांत्रिक ठिपके मूळचेच असू शकतात. तिथे निकाल अक्षरांवरून आणि रेघांवरून लावावा. काही चतुर छपाईवाले अक्षरे नव्याने जुळवून भरीव छापतात. अशा वेळी परत चित्राकडे वळावे. ठिपक्यांचे चित्र पुन्हा ठिपक्यांत छापले की जाळीवर जाळी चढते, बारीक तपशील धूसर होतो आणि सपाट रंगात लाटांसारखे पट्टे उमटतात.

ऑग्डेन या सिगारेट कंपनीच्या ‘गिनी गोल्ड’ कार्डांना हे काहीच लागू नाही. ते खरे फोटो आहेत. भिंगाखाली एकही ठिपका दिसता कामा नये, करड्या छटा सलग एकमेकींत मिसळलेल्या हव्यात. कार्ड तिरपे धरले की काळ्या भागावर कधीकधी चांदीची झाक दिसते. बरेच लोक तिला डाग समजून नाक मुरडतात, वास्तविक ती खरेपणाच्या बाजूची खूण आहे.

भिंगानंतर अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा. स्वस्तातला ३९५ चा घेऊ नये, त्याचा जांभळा उजेडच सगळीकडे पसरतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे जुने कार्ड अंधारात मंद राहते, आधुनिक कागद निळसर पेटतो. पेटला तर संशय पक्का करावा, पण न पेटणारे कागद आजही मिळतात, तेव्हा मंद दिसले म्हणून लगेच पैसे मोजू नयेत. उलट डिटर्जंटने पुसलेले किंवा नव्या डिंकाने चिकटवलेले अस्सल कार्डही जागोजागी चमकते.

घडी बोटाने तपासावी. नकलेत मूळ कार्डाची घडी आणि डागही छापून येतात. डोळ्यांना रेघ दिसते, टॉर्च आडवा धरला तर पृष्ठभाग सपाट. खऱ्या घडीवर शाई तुटलेली असते, खऱ्या झिजलेल्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचे थर उकललेले असतात. चहाने रंगवलेले कार्ड मागूनपुढून आणि कडेलाही सारखेच तपकिरी असते. वापराचा मळ असा समान वाटून बसत नाही.

नेहमीच्या ब्रिटिश कार्डाचे माप साधारण ३६ गुणिले ६८ मिलिमीटर. कापताना थोडा फरक पडतो, म्हणून खरी तुलना त्याच संचातल्या एखाद्या अनोळखी खेळाडूच्या स्वस्त कार्डाशी करावी: जाडी, वजन, मागच्या शाईचा रंग. लहान भरले तर कड छाटल्याची शंका घ्यावी. अमेरिकेतले होनस वॅग्नरचे सर्वांत गाजलेले बेसबॉल कार्ड अस्सलच आहे, पीएसए या संस्थेने श्रेणी देऊन सीलबंद केलेले. तरी त्याच्या कडा आपण छाटल्याचे बिल मास्ट्रो या लिलावकर्त्याने २०१३ मध्ये न्यायालयीन कारवाईत कबूल केले. तेव्हा सीलबंद डबीवरही डोळे मिटून विसंबू नये. तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकावा, आणि तिथे छायाचित्र असेल तर कार्डावरचा प्रत्येक डाग त्याच्याशी जुळवावा. क्रमांक चोरणे सोपे असते.

कार्ड पाण्यात बुडवणे, खरवडणे, कोपरा जाळून पाहणे हे उपाय कुणी सुचवले तर ऐकू नयेत. कार्ड अस्सल निघाले तरी परीक्षेतच संपलेले असते.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे तीन छायाचित्रे मागावीत: नावातले एक अक्षर अगदी जवळून, चेहरा तितक्याच जवळून, आणि फ्रेममधून बाहेर काढलेली पूर्ण मागची बाजू. फ्रेम उघडायला नकार मिळाला, तर भाव फ्रेमचाच द्यावा.

आपले,
काही कार्डसंग्राहक, पुणे