हेक्टर पळाला, पण तो भित्रा नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ग्रीक महाकाव्यातल्या वीरांवरचा लेख वाचला, परत एकदा वाचला, आणि राहवेना म्हणून लिहितेय. होमरवर मराठी पेपरात पान-अर्धं पान येतंय याचा मला खरंच आनंद झाला. पण त्या लेखात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला एका वाक्यात निकालात काढलंय, म्हणे ट्रॉयच्या तटाभोवती तीन फेऱ्या पळाला म्हणजे ऐन वेळी कच खाल्ली, आणि त्याच्या मागे लागलेला ग्रीक वीर अकिलीस मात्र भीती म्हणजे काय हे माहीतच नसलेला. हे वाचून वाईट वाटलं, कारण ज्यांनी इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, वाचलेलं नाही त्यांच्या डोक्यात आता हेच बसणार.

आधी अकिलीसचं सांगते. इलियडचे एकूण 24 सर्ग, त्यातल्या 22व्यात हेक्टर पळतो. त्याच्या अगदी आधीचा, 21वा सर्ग लेखकाने एकदा उघडून बघावा. तिथे अकिलीसने स्कमँडर नदीत इतकी माणसं मारलीयत की प्रेतांनी पात्र तुंबतं, नदी चिडते आणि लाट होऊन त्याच्या मागे लागते. आणि अकिलीस पळतो! घाबरून पळतो, होमरने तसं सरळ म्हटलंय. वाट बदलून बघतो, वळून उभं राहायचा प्रयत्न करतो, पाणी खांद्यावरून जातं, पायाखालची माती सरकते, शेवटी देवाला हाका मारतो की मला डुकरं राखणाऱ्या पोरासारखं ओढ्यात वाहून मरायला लावू नका. मग त्याला का नाही कुणी भित्रा म्हणत?

आता हेक्टर. तो दरवाज्याबाहेर एकटा उभा आहे, बाकी सगळे ट्रोजन आत गेलेत, वर तटावरून म्हातारा बाप केस उपटत आत ये म्हणतोय, आई रडतेय. तरी तो आत जात नाही, आणि का जात नाही हे होमरने त्याच्याच तोंडून सांगितलंय. आदल्या रात्री त्याचा साथी पॉलिडेमस म्हणाला होता की अकिलीस परत युद्धात उतरतोय, सैन्य शहरात घेऊ, याने ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी माणसं कापली गेली. आता आत गेलो तर पहिला पॉलिडेमसच बोलणार, आणि माझ्यापेक्षा कमी कुवतीचा कुणीतरी उठून म्हणणार की स्वतःच्या ताकदीच्या भरवशावर हेक्टरने लोक मारले. ग्रीक वीरांचा मान हा असा असतो, चार लोक काय म्हणतील त्यावर उभा असलेला, आणि लेखात त्याला सरळ 'आत्मसन्मान' म्हटलंय ते मला पटत नाही, कारण हेक्टरला आत्ता स्वतःच्या मनाचीसुद्धा टोचणी आहे आणि लोकांच्या जिभेचीसुद्धा, आणि दोन्ही मिळून त्याला दरवाज्याबाहेर धरून ठेवतायत.

तिथेच उभ्या उभ्या तो असाही विचार करतो की ढाल-भाला ठेवून द्यावा, जिच्यापायी हे युद्ध पेटलं त्या हेलनला परत करतो म्हणावं, शहरातली अर्धी संपत्ती देतो म्हणावं. मग स्वतःच म्हणतो, काय बोलतोय मी हे, तो मला निःशस्त्र बघून तसाच मारेल. इतकं सगळं डोक्यात चालू असताना अकिलीस जवळ येतो, अंगावरचं ब्राँझ उगवत्या सूर्यासारखं झळकतंय, आणि हेक्टरला कापरं भरतं आणि तो पळतो.

या पळण्याच्या मधोमध होमर थांबून एक जागा दाखवतो, ती मी कधी विसरणार नाही. दोघं धावत स्कमँडरच्या दोन झऱ्यांपाशी येतात, एकाचं पाणी गरम, वर वाफ, दुसऱ्याचं भर उन्हाळ्यातही गारांसारखं थंड. तिथे दगडी रुंद कुंडं आहेत, ग्रीक यायच्या आधी शांततेच्या दिवसांत ट्रॉयच्या बायका आणि मुली तिथे कपडे धुवायला यायच्या. बस, एवढंच सांगतो आणि पुढे जातो. म्हणजे माणूस जीव घेऊन पळतोय ते कुठून, तर जे वाचवायला तो नऊ-दहा वर्षं लढला त्याच्या शेजारून!

आणि लगेच पुढची ओळ. मला ग्रीक येत नाही, पण या ओळीतला एक शब्द मी मुद्दाम शोधून शिकले. होमर म्हणतो, पुढे पळत होता तो चांगला वीर, मागे लागला होता तो त्याहून कितीतरी वरचढ. पळणाऱ्यासाठी त्याने वापरलेला शब्द आहे 'एस्थ्लोस', म्हणजे खानदानी, शूर, नावाला शोभेल असा. हाच शब्द 6व्या सर्गात हेक्टरने स्वतःबद्दल वापरलाय. बायको अँड्रोमकी त्याला तटावरच थांब म्हणून विनवते, तेव्हा तो म्हणतो की मी नेहमी एस्थ्लोस राहायला शिकलोय, पहिल्या फळीत लढायला शिकलोय. शिकलोय! जन्मतःच आलं असं तो म्हणत नाही. आणि ज्या क्षणी तो पळतोय, नेमका त्याच क्षणी कवी त्याला तोच शब्द परत देतो. आपण कोण त्याच्याकडून तो काढून घेणारे?

तुमचे लेखक म्हणतील की 13व्या सर्गात ग्रीक वीर इडोमेनियस भित्र्या माणसाचं वर्णन करतो, रंग उडतो, एका जागी बसवत नाही, या पायावरून त्या पायावर होतो, दात वाजतात, आणि शूराचा रंगही बदलत नाही. खरंय, आहे ते. पण ते एका पात्राचं बोलणं आहे, आणि प्रत्यक्ष काव्यात होमर जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी घाबरवतो, अगदी अ‍ॅजॅक्ससारखा धिप्पाड माणूस 11व्या सर्गात मागे सरतो, आणि त्याला उपमा कुणाची, तर शेतात घुसलेल्या हट्टी गाढवाची, ज्याला पोरं काठ्यांनी मारतायत आणि ते पोट भरल्याशिवाय हलत नाही.

हेक्टरचं शौर्य बघायचंच असेल तर पळणं संपल्यावरचं बघा. अथीना देवी त्याच्या भावाचं, डेइफोबसचं रूप घेऊन शेजारी उभी राहते, म्हणून तो थांबतो. त्याचा भाला अकिलीसच्या ढालीवरून उडून लांब पडतो, तो भावाला दुसरा भाला मागतो आणि वळून बघतो तर शेजारी कुणीच नाही. त्याला सगळं कळतं, देवांनी फसवलंय, मरण समोर आहे, आता सुटका नाही. तेव्हा तो म्हणतो की निदान झुंजल्याशिवाय मरणार नाही, पुढच्या लोकांच्या कानावर जाईल असं काहीतरी करून मरेन, आणि तलवार उपसून अकिलीसच्या अंगावर झेपावतो. याला कच खाणं म्हणायचं? आणि तो पडल्यावर जे ग्रीक जवळ येतात ते एकूण एक त्याच्या प्रेतात शस्त्र खुपसतात आणि एकमेकांना म्हणतात, आपली जहाजं जाळताना होता त्यापेक्षा आता हा बराच मऊ लागतोय. हा प्रसंग लेखात आला असता तर बरं झालं असतं.

आणखी एक, लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच या दोन्ही गोष्टी लेखात इलियडच्या म्हणून दिल्यात. इलियडमध्ये त्या नाहीत. घोड्याची हकीकत होमरच्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, येते आणि टाच तर होमरच्या दोन्ही काव्यांत नाही, ती कित्येक शतकांनंतरची. इलियड संपतं ते हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर, शेवटच्या ओळीत नाव त्याचंच आहे.

पुढच्या रविवारी ओडिसियस येणार असं खाली छापलंय. लेखकांना माझी मनापासून विनंती की एकडोळ्या राक्षसावरच सगळी जागा घालवू नका, ओडिसीच्या 20व्या सर्गातली ती रात्रही घ्या, भिकाऱ्याच्या वेषात तो स्वतःच्याच घराच्या ओसरीत पडलाय, त्याच्या बायकोशी लग्न करायला घरात ठाण मांडून बसलेल्या लोकांकडे दासी हसत निघाल्यात, पिल्लांवर उभी राहून कुत्री गुरगुरते तसं त्याचं काळीज आतून गुरगुरतंय, आणि तो छातीवर हात मारून त्याला सांगतोय की सोस, याहून वाईट सोसलंयस तू.

आपली,
एक नियमित वाचक