फणस कुठाय?

रत्नागिरी
दत्तजयंती, ४ डिसेंबर २०२५

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तुमचे दोन फोन आले. आधी तुझा, स्वयंपाकघरातून, आवाज खाली करून. तासाभराने निखिलरावांचा, गाडीतून. अमेरिका सोडून इकडे परत यायचं का, यावर दोघांनी शेवटी एकच विचारलं, आई, तुमचं काय मत? दोघांनाही मी एकच सांगितलं, तुम्ही ठरवाल ते.

फोन ठेवला आणि माझी मलाच चीड आली. छत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना सांगत आले की येत नसलं तरी काहीतरी लिहा, प्रश्न कोरा सोडू नका. आणि मी कोरा सोडला. म्हणून आज देवळातून आल्या आल्या फुलस्केप घेऊन बसले आहे. बाबा झोपलेत. इराच्या त्या आजी-आजोबांच्या प्रोजेक्टपायी आठ दिवस जुना टेपरेकॉर्डर खोलून बसले होते, दमलेत. पानांचे फोटो मीच काढून पाठवीन. वाकडे आले तर मान वाकडी करून वाच, कारण हे कुणाला दाखवून फोटो काढून घेण्याजोगं नाही.

निखिलरावांचं परत यायचं म्हणणं मला पटतं, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना तू मला तुझ्या पार्टीत धरणार नाहीस. सप्टेंबरात ते सांगलीला आले ते वडिलांच्या बायपाससाठी. शनिवारी, २० तारखेला सकाळी ऑफिसचा मेल आला: नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत शिरायला एक लाख डॉलरची फी लागणार, उद्यापासून लागू, बाहेर असाल तर त्याआधी परत या. व्याही आदल्या दिवशी आयसीयूतून खोलीत आलेले. निखिलराव अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईला निघाले. वेळेत पोचवणारं तिकीट मिळेना, रात्रभर विमानतळावर बसले, आणि पहाटे कळलं की ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे त्यांना हे लागूच नाही. तोवर व्याह्यांनी विहीणबाईंना तीनदा विचारलं होतं, निखिल चहाला गेलाय का? हे मला सांगताना गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता, कितीतरी वेळ. वळायचं विसरले असावेत.

अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की घाई करू नका? एकुलते एक आहेत. तिथे चौदा वर्षं झाली, ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज २०१५चा आणि आपल्या लोकांची रांग अजून २०१३च्या अर्जांवर अडकलेली. वर्षाला नोकरीवाल्यांची कार्डं साधारण एक लाख चाळीस हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली फार तर सात टक्के. भारत काय नि आइसलँड काय, वाटा सारखाच. हे तूच मला समजावलंस तेव्हा मला आपल्या वाडीचा नळ आठवला. दोन माणसांच्या घराला एक हंडा, बारा माणसांच्या घरालाही एकच.

पण तुझं काय, हे त्यांच्या तोंडून एकदाच आलं. "मृणालला इथे काय, कुठेही मिळेल काम, आणि कोकणात, सांगलीत पुराचं काम कमी आहे का!" वाईट हेतूने बोलले नाहीत. कौतुकानेच बोलले. तेच मला खुपलं.

२०१२ साली तू पुण्याची नोकरी सोडून त्यांच्यामागून गेलीस. सांगलीला वालचंदमध्ये दोघं एकाच वर्गात, तुझे मार्क जास्त, आणि तिकडे उतरल्यावर ते कमावते आणि तू त्यांच्यावर अवलंबून, काम करायला बंदी. तेव्हाचे तुझे फोन माझ्या कानात आहेत. आज काय केलंस? कपाट आवरलं. काल? कपाटच. पुढे २०१५ साली नियम बदलला, तुझ्या हातात कामाचं कार्ड यायला २०१७ उजाडलं. पाच वर्षं. मग ती आठ तासांची परवान्याची परीक्षा, इराला मांडीवर झोपवून केलेला अभ्यास. २०२१च्या २२ जुलैला वाशिष्ठी चिपळुणात शिरली आणि सहा आठवड्यांनी तुझ्याकडे आयडा वादळ. तू मला फोनवर बुडालेल्या गल्लीचा नकाशा दाखवलास. "आई, हा पाइप बघ, पंधरा इंची. इथे चोवीसचा हवा होता." मला त्यातलं काही कळलं नाही, पण तुझा आवाज कळला. शाळेत पहिला वर्ग मिळाला त्या दिवशी माझा असाच झाला असणार. तुझे बाबा म्हणाले, लेक अमेरिकेत जाऊन गटारं बांधते. मी म्हटलं, बांधू देत, बुडण्यापेक्षा बरं.

आणि हो, पेन्शनचं. हसू नकोस, मी पेन्शनवर जगणारी बाई आहे, मला तेच आधी सुचतं. तिथे दहा वर्षांची वर्गणी भरली की म्हातारपणीचे पैसे आपल्या नावावर लागू होतात, आणि भारताशी त्या बाबतीत करार नसल्यामुळे इथली वर्षं त्यात धरत नाहीत, असं तू म्हणालीस. निखिलरावांची दहा कधीच झाली. तुझी आठ. म्हणजे आत्ता निघालात तर त्यांचं पूर्ण, तुझं अर्धवट. रविवारी त्यांना हे विचारलं तर ते गप्प झाले. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता माझं.

बाबा कुवेतला गेले १९८३त, एसी दुरुस्तीच्या कामावर. दोन वर्षांनी एकदा यायचे, दीड-दोन महिने. तुला हे गोष्टीसारखं माहीत आहे: २ ऑगस्ट १९९०ला सद्दामचं सैन्य शिरलं, बँका बंद, दिनारांची रद्दी, मग बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनची हद्द, तिथे वाळवंटात तंबू, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं तशी आणली सरकारने. बाबा हे सगळं रंगवून सांगतात. त्यानंतरचं कुणी सांगत नाही, कारण त्यात विमान नाही.

सप्टेंबरात ते एसटीतून उतरले, हातात एक पिशवी. अंघोळ, जेवण झालं, मागीलदारी गेले आणि म्हणाले, "फणस कुठाय?"

विहिरीपलीकडचा कापा फणस. त्यांनी लग्नाआधी लावलेला. मी आदल्या वर्षी तो लाकडासाठी विकला होता, विहिरीला मोटर बसवायला. पत्रात कळवलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. विचारायचं असतं हेच मनात आलं नाही. घराचं मी बघत होते, फणस घराचा होता, विकला. ते बराच वेळ त्या बुंध्याजवळ उभे होते आणि मी दारात. आणि खरं सांगू? मला वाईट वाटण्याआधी राग आला. सात वर्षं रात्री-अपरात्री कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली भांडी मी लावली, आणि हा माणूस येऊन हिशेब विचारतो.

त्यांना परत आल्यासारखं वाटत होतं. मला कुणीतरी राहायला आल्यासारखं. तांदळाचं पिंप ते खिडकीखाली सरकवायचे, मी परत कोपऱ्यात. दोन वर्षं ते पिंप फिरत होतं. पोस्टाचं पासबुक माझ्या एकटीच्या नावावर, ते त्यांनी मागितलं तेव्हा मी दिलं, पण देताना हात आखडला. त्यांचीही दशा वाईट. १९९० साली रत्नागिरीत एसी होते किती? तिकडे ज्यांच्या हाताखाली सहा माणसं, ते इथे पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायला बसले. पुढे कित्येक वर्षं जेवताना म्हणायचे, "आमच्याकडे खुबूस गरम मिळायचा." खुबूस म्हणजे तिकडची रोटी, आमच्याकडे म्हणजे कुवेतला. मी भाकरी वाढत असायची.

परत येणं वाईट असं मी म्हणत नाही. आमचं बसलं हळूहळू. पण गावात जो तो बाबांना विचारायचा, आता कसं वाटतंय, करमतं का. मला कुणी विचारलं नाही, तुमच्या घरी माणूस आलंय, तुम्हाला करमतं का. तुझ्या बाबतीत उलटं आहे, तुलाच यावं लागणार आहे. पण घड्याळ पुन्हा शून्यावर तुझंच जाणार आहे, २०१२ला गेलं तसं. ते तुम्ही दोघांनी तोंडाने बोललं पाहिजे. निखिलरावांनी बोललं पाहिजे. "मृणालला कुठेही मिळेल" असं नाही. "तू दुसऱ्यांदा सोडते आहेस" असं.

आणि तूसुद्धा. तू त्यांना सांगतेस की इराची शाळा, इराचं मराठी बरं चाललंय मंडळाच्या शाळेत, इथे आली तर तिला कठीण जाईल. इरा अकरा वर्षांची आहे, दोन पावसाळ्यांत रुळेल. तुला तुझं काम सोडायचं नाही, एवढंच आहे. मग तेच सांग ना. पोरीच्या दप्तरामागे का लपतेस?

मी हे का बोलते तेही लिहिते. हे बाबांना माहीत नाही, की माहीत आहे, कोण जाणे.

१९८८ साली त्यांची कॅसेट आली. गावचा कुणी सुटीवर यायचा त्याच्याबरोबर आम्ही कॅसेटी पाठवायचो, पत्रापेक्षा बरं पडायचं. त्यात नेहमीचं सगळं, तुझ्यासाठी गाणंबिणं, आणि शेवटी थोडं थांबून, "कंटाळा आलाय गं. करार संपतोय. तू म्हणालीस तर येतो." त्यामागे एसीची घरघर.

मी उत्तराची कॅसेट भरली. कौलं बदलायची आहेत. मोटर घ्यायची आहे. मृणालला कांजिण्या आल्या होत्या, आता बरी आहे. ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. पुढे कुणी विचारलंच असतं तर मी म्हणाले असते, पैशांची गरज होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण कौलं कर्ज काढून झाली असती. घर माझ्या हाताला बसलं होतं, मृणाल. पगार माझा, पासबुक माझं, संध्याकाळी दिवा लावून पडवीत बसलं की कुणाला काही विचारायचं नसायचं. मला ते सोडवेना. त्यांनी करार दोन वर्षांनी वाढवला आणि मग ऑगस्ट १९९० आला. बसरा, बगदाद, ते तंबू. ते रंगवून सांगतात तेव्हा मी आत जाऊन चहा ठेवते. तुझ्या लक्षात आलं असेल.

तर माझं मत. निघायचं असेल तर हे पुरतं समजून निघा की आता दार एकाच बाजूने उघडतं. रांगेतला तुमचा नंबर राहतो म्हणता, पण एकदा इथे आलात की पुन्हा जाताना कुणी कंपनी तुमच्या नव्या अर्जासाठी लाख डॉलर मोजेल असं मला तरी वाटत नाही. राहायचं असेल तर सांगलीची सोय आधी करा. महिन्यातून चार फोन ही सोय नव्हे. रात्री राहणारा माणूस, दवाखान्याची गाडी, आणि वर्षातून दोनदा तुमच्यापैकी एकाने येणं, मग तिकिटाला कितीही पडोत. मला विचारशील तर तुझी दहा वर्षं पुरी होईपर्यंत थांबा, दोन वर्षं, आणि ती दोन वर्षं निखिलरावांनी पाळीपाळीने सांगलीत काढावीत, ऑफिस जेवढं सोडेल तेवढी. व्हिसात हे बसतं का ते वकिलाला विचारा. तुझ्या कामाच्या कार्डाचं नूतनीकरणही लवकर टाक. ऑक्टोबर अखेरपासून आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली म्हणतात, एक दिवस चुकला तरी घरी बसावं लागेल. पुन्हा कपाट आवरायला लागशील.

आमच्यासाठी म्हणून येऊ नका. ऑगस्टात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तुला सांगितलं नाही, तेव्हा गणपतीत व्हिडिओवर काळा चष्मा बघून तू हसलीस. शेजारची सायली घेऊन गेली, घेऊन आली. आता चूक कळली. मीही कॅसेटच भरत होते. यापुढे सांगत जाईन.

निखिलरावांना हे पत्र वाचायला दे. फणसापर्यंत दे, त्यापुढचं तुझं तू बघ.

आमसुलं आणि फणसपोळी सायलीच्या मामेभावाबरोबर पाठवते आहे, तो २० तारखेला निघतोय. फणसपोळी शेजारच्यांच्या झाडाची आहे.

बाबा उठलेत. टेपरेकॉर्डरचा बेल्ट बसला म्हणतात, चाकं फिरायला लागली. कॅसेटींचा डबा कुठे ठेवलास, विचारतायत.

तुझी
आई