आधी पाणी, मग घरे

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

सोसायटीच्या आवारात आणखी एक बोअर घेण्याचा ठराव येणार असल्याचे बाबांनी कळवले. त्याविषयी मत देण्याआधी ओमानमधील निझवा शहराजवळच्या बिरकत अल् मौज या गावाविषयी लिहिते.

जबल अख्दर या डोंगराच्या पायथ्याच्या या गावाला अल् खतमीन नावाचा फलज, म्हणजे पारंपरिक पाट, पाणी पुरवतो. भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर भुयारी पाटाने वस्तीपर्यंत आणण्याची ही रीत आपल्या संभाजीनगरच्या नहर-ए-अंबरीच्याच कुळातली आहे. ओमानमध्ये सुमारे ३००० फलज आजही वाहतात. त्यांपैकी या फलजासह पाचांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मला मोल वाटते ते गावाच्या मांडणीचे. जुनी मातीची घरे डोंगराच्या खडकाळ उतारावर दाटीने बांधली आहेत, कारण पाणी पोहोचेल ती माती बागांसाठी राखायची होती. फलजावर वसलेल्या गावांत पाट उघड्यावर येतो तिथे प्रथम पिण्याचे पाणी भरतात, त्यानंतर मशीद आणि स्नानाच्या जागा, मग खजुराच्या बागा आणि सर्वांत शेवटी हंगामी पिके. त्यामुळे पाऊस हुकला की आधी हंगामी पिकांचे क्षेत्र घटते. पिण्याच्या पाण्याला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या खजुराला धक्का लागत नाही. खजुराच्या सावलीत लिंबू आणि त्याखाली लसूणघास, असे एकच पाणी तीन थरांना पुरते.

पाण्याची पाळी 'असर' या साधारण अर्ध्या तासाच्या मापाने ठरते. पूर्वी ती दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. पाळी आली की शेतकरी चिंध्यांत गुंडाळलेला दगड पाटाच्या दारातून काढतो आणि पाणी वाफ्यात वळवतो. काही पाळ्या खुद्द फलजाच्या मालकीच्या असतात. त्यांच्या लिलावाचा पैसा पाटाच्या दुरुस्तीला लागतो, ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

पंप आल्यावर मात्र भूजल खाली गेले आणि काही फलज आटले. म्हणून फलजाच्या उगमविहिरीपासून साडेतीन किलोमीटरच्या आत नवी विहीर खणण्यास येथे मनाई आहे.

बाबा, सभेत कृपया एवढे विचारा, की शेजारच्या बोअर किती अंतरावर आहेत, उन्हाळ्यात त्यांची पातळी कुठे जाते आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी आधी जमिनीत का मुरवू नये. त्याची उत्तरे मिळेपर्यंत ठरावाला संमती देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तुमची लेक